सर, तुम्ही बसा

श्रोतेहो, डोंगर म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढं कळसूबाई उभं राहतं, 1646 मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. कोणाला हरिश्चंद्रगड आठवतो. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला माहूर आठवतं. मी आज यांतल्या कशाबद्दलच बोलणार नाही. मी ज्या डोंगराबद्दल बोलणार आहे तो इतका लहान आहे, की त्याची उंची सांगताना लाजच वाटावी. शेळ्या राखणारं पोरगं तो सकाळी चढतं, खाली विसरलेली काठी न्यायला उतरतं आणि पुन्हा चढतं. वडेपुरीजवळचा रत्नेश्वरीचा डोंगर.

मी 1996 पासून विष्णुपुरीला राहतो. नोकरी नांदेडात एका छापखान्यात प्रुफं तपासायची, आणि उरलेल्या वेळात कविता. विष्णुपुरीला गोदावरी आहे, 18 दरवाजांचं धरण आहे, इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, 1994 साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. डोंगर तेवढा नाही. डोंगराची हौस असेल तर लातूर रस्त्यानं लोह्याकडं निघायचं. बालाघाटाची रांग बीड आणि लातूरकडून येता येता इथं दमते, लहान लहान टेकड्यांमध्ये विखुरते. त्यांतलीच ही एक. माथ्यावर रत्नेश्वरी देवीचं देऊळ. नवरात्रात गर्दी, एरवी वारा.

आमचा कंपू पाच जणांचा होता. एक चित्रकलेचे सर, तेव्हाच निवृत्तीला आलेले. एक पंपहाऊसवरचे फिटर; गोदावरीचं पाणी नदीतून उचलून कालव्यात चढवणाऱ्या मोठ्या पंपांवर त्यांची ड्यूटी असायची. एक किराणा दुकानदार, एक दवाखान्यातले कंपाउंडर, आणि पाचवा मी. मला सगळे ‘शायर’ म्हणायचे. मी आयुष्यात उर्दूत एक ओळ लिहिली नाही, सगळं लेखन मराठीत, पण नाव मुसलमानाचं म्हणजे शायरच! मीही कधी दुरुस्ती केली नाही. प्रुफं तपासणाऱ्यानं घरी आल्यावर किती दुरुस्त्या करायच्या?

मी देवीच्या डोंगरावर कसा जातो, असं मला दोन्हीकडचे लोक विचारतात. पायांनी जातो. देवळात गेल्यावर बाजूला उभा राहतो, पुजाऱ्यानं खोबऱ्याचा तुकडा दिला तर घेतो. आमचे फिटर कंधारच्या हाजी सय्याहच्या दर्ग्यात उरुसाला जातात, तेही तिथं असेच बाजूला उभे राहतात. यापलीकडं यात सांगण्यासारखं काही नाही.

आमचा दिवस ठरलेला असे, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. यात्रेची गर्दी ओसरलेली असते, गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं आणि सीताफळांचे डोळे उघडायला लागलेले असतात. सकाळच्या एसटीनं वडेपुरीला उतरायचं, यात्रेकरूंची रुळलेली वाट सोडून गुराख्यांच्या पाऊलवाटेनं वर चढायचं, माथ्यावर जेवायचं आणि दुपारी परत. डब्यात कंपाउंडरांकडचे धपाटे आणि दही, दुकानदाराकडची शेंगदाण्याची चटणी, आमच्या घरची कबूली. कबूली म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा पुलाव, त्यात मांसाचं काही नसतं. सर ती हातानं चाचपून खायचे आणि म्हणायचे, “शायर, यात डाळ मोजून टाकतात का हो?”

आता या डोंगराची एक खोड सांगतो, कारण पुढची गोष्ट तिच्याशी बांधलेली आहे. आपला बहुतेक मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा निघाला, थिजला, पुन्हा निघाला, पुन्हा थिजला. असे थरावर थर चढले. शाळेत ‘दख्खनचा ट्रॅप’ शिकलो तेव्हा मला वाटायचं, ट्रॅप म्हणजे सापळा. तसं नाही. हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांच्या नावावरून आला आहे. कठीण थर असला की उभा चढ लागतो, मऊ थर झिजला की सपाटी. त्यामुळं आपल्याकडच्या टेकड्या जिन्यासारख्या असतात. चढणाऱ्याला यातला फसवा भाग असा, की खालून बघताना पहिल्या चढाची कड हाच माथा वाटतो. धापा टाकत तिथं पोचलं की पुढं सपाटी, आणि सपाटीपलीकडं आणखी एक चढ. ‘आलंच आता’ हे वाक्य या डोंगरावर तीन वेळा खोटं ठरतं.

2009 साली दसऱ्यानंतरचा पहिला रविवार 4 ऑक्टोबरला आला. त्या वर्षी देशभर पावसानं दगा दिला होता. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडं नेहमीच वाईट, पण त्या दिवशी सकाळी दहालाच मुरूम तापला होता. गवत वेळेआधीच वाळून कुसळं पँटीत घुसत होती. सरांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. अंगानं थोडे जड झाले होते, पण यायचं म्हणजे यायचं. खांद्याला शबनम, तिच्यात चित्रांची वही आणि पेन्सिली.

पहिल्या चढालाच ते मागं पडले. आम्ही वर कडेला जाऊन थांबायचो, ते येऊन पोचले की आम्ही उठायचो. यातला अन्याय तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. आम्ही पाच-दहा मिनिटं बसून ताजेतवाने होत होतो, आणि ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, तो आला की आमची विश्रांती संपत होती. त्यांना बसायला मिळतच नव्हतं. सह्याद्रीत भटकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींत एक माणूस मुद्दाम सगळ्यांच्या मागं ठेवतात, हे मला फार पुढं कळलं.

दुसऱ्या सपाटीवर एक मोठा धोंडा आहे, त्याच्या कडेला पळसाचं झाड. सर तिथं पोचले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. सव्वाअकरा वाजले होते. फिटर म्हणाले, “पंपाला दम लागत नाही सर, माणसाला लागतो. जरा टेका.” आणि मी म्हणालो, “सर, तुम्ही बसा इथं सावलीत. आम्ही तासाभरात वर जाऊन आलोच.”

हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही. एवढी वर्षं ही हकीकत सांगताना मी ‘आम्ही म्हणालो’ असं सांगत आलो, म्हणून आज नीट सांगतो.

सर लगेच म्हणाले, “हो हो, जा तुम्ही. मी चित्र काढतो.” आम्ही त्यांच्याजवळ पाण्याची एक बाटली ठेवली, अर्धी भरलेली. बाकीचं पाणी आणि सगळे डबे आमच्याबरोबर वर गेले. कोणी वाईट मनानं केलं नाही. जेवण वर करायचं असतं, म्हणून जेवण वर गेलं.

माथ्यावर झकास वारा होता. उत्तरेला गोदावरीची पट्टी चकाकत होती. दर्शन झालं, फोटो झाले. दुकानदार म्हणाला, भूक लागली, दोन घास खाऊ आणि सरांचं खाली नेऊ. दोन घासांचं जेवण झालं. मग मी खिशातून कागद काढला. नवी कविता होती, लांबलचक, नऊ पानांची. मी वाचत होतो, मंडळी ‘वा’ म्हणत होती. कंपाउंडर एकदा घड्याळाकडं बघून म्हणाले, “सर वाट बघत असतील.” मी म्हणालो, “शेवटचा भाग राहिला आहे.” शेवटचा भाग तीन पानांचा होता.

खाली धोंड्याजवळ आलो तेव्हा पावणेदोन झाले होते. सर नव्हते. बाटली रिकामी पडलेली. पळसाची सावली धोंड्यावरून सरकून पार दुसऱ्या बाजूला गेली होती.

आधी वाटलं, आडोशाला गेले असतील. हाका मारल्या. मग वाटलं, कंटाळून खाली गेले असतील. मी म्हणालो, दोघं या बाजूला जा, दोघं त्या बाजूला. फिटर म्हणाले, “आता आणखी कोणाला हरवायचं नाही. चौघं एकत्र.” मशिनीवर काम करणाऱ्या माणसाचं डोकं अशा वेळी थंड राहतं, कवीचं राहत नाही. आम्ही आलेल्या वाटेनं खाली निघालो. पण मुरमावरून घाईनं उतरणं म्हणजे बोरं सांडलेल्या फरशीवर चालणं. मी दोनदा घसरलो. निम्म्यावर एक शेळ्यावाला भेटला. म्हणाला, “एक म्हातारबा त्या अंगाला उतरले, तांड्याकडं. झोकांड्या खात व्हते. मला वाटलं, घेतली हाय.”

श्रोतेहो, आमचे सर चहासुद्धा बेतानं प्यायचे.

तांडा डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होता. लिंबाखाली बाजेवर सर पडलेले, डोक्यावर ओलं फडकं. एक लमाण बाई त्यांना पितळी पेल्यातून पाणी पाजत होती, गूळ आणि मीठ घातलेलं. थोडं पाजायची, थांबायची, पुन्हा थोडं. आम्हाला बघून ती सरांकडं वळलीच नाही, आमच्याकडं वळली. “म्हाताऱ्या माणसाला उन्हात एकटं टाकून कुठं गेल्ताव?” कोणी उत्तर दिलं नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं, पण ओळख लागली नाही. म्हणाले, “घंटा झाली का रे?”

तांड्यावरच्या एका पोरानं मोटारसायकलवर मधे बसवून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं नांदेडला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, रात्री माणूस ओळखू लागले, दोन दिवसांनी घरी आले. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं, ते तुम्हालाही सांगतो, कारण उद्या तुमच्यातलं कोणी वनभोजनाला जाईल. उन्हात चढताना घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय पेटके धरतात. इथपर्यंत सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी यांनी भागतं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर ते उष्माघाताचं लक्षण. तिथून मिनिटं मोजायची. अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, दवाखाना गाठायचा. आणि शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासात जातं. घोटघोट पाजून थांबत राहणारी ती बाई हे सगळं शाळेत न जाता जाणत होती. आम्ही पुढच्या रविवारी तांड्यावर गेलो, पेढे नेले. तिनं पेढे पोरांना वाटले आणि विचारलं, “मास्तर कसं हायत?” बाकी आमच्याशी ती फारशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

सर आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत. “मलाच वाटलं, तुम्ही दुसऱ्या वाटेनं उतरलात,” एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी दसरा आला तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वर्षी घरी पाहुणे होते. तिसऱ्या वर्षी आम्ही विचारलं नाही. मग दुकानदार मुलाकडं पुण्याला गेला, कंपाउंडरांची बदली झाली, आणि आमचा रविवार नुसता रविवार राहिला. मी ती नऊ पानांची कविता कुठंच छापायला दिली नाही. चांगली होती असं अजून वाटतं, पण दिली नाही.

सर 2017 साली गेले. महिन्याभरानं त्यांचा मुलगा माझ्याकडं आला. वडिलांच्या चित्रांच्या वह्या मित्रांना वाटत होता. मला दिलेल्या वहीत रत्नेश्वरी होती. सरांना प्रत्येक चित्राखाली तारीख आणि वेळ घालायची सवय होती. 4 ऑक्टोबरची चार चित्रं होती. पहिलं 11:20 चं. चढाची वाट आणि तिच्यावर आम्ही चौघं, पाठमोरे, माझी पिशवी ओळखू येते. दुसरं 12:10 चं. तीच वाट, माणसं नाहीत. तिसरं 12:55 चं. वाटेचं वळण तेवढं, आणि पळसाची सावली पानाच्या दुसऱ्या कडेला. चौथं 1:20 चं. त्यात रेघा आहेत, वाट कोणती आणि दगड कोणता ते कळत नाही. ज्या माणसानं तीस वर्षं पोरांना सरळ रेघ काढायला शिकवली, त्याची ती रेघ.

1:20 ला मी वर कविता वाचत होतो. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही, वहीत लिहिलेलं आहे.

मला तेव्हापासून एक प्रश्न पडायचा. सर ‘हो हो, जा तुम्ही’ इतक्या लगेच का म्हणाले? त्यांना बसायचं असेल, असं मी स्वतःला समजावत असे. उत्तर मिळायला मला त्यांच्या वयाच्या जवळ जावं लागलं.

गेल्या वर्षी माझी लेक म्हणाली, “अब्बा, तुमच्या त्या डोंगरावर जाऊ या.” तिच्या ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी, माझा भाचा, फिटर आणि मी, असे सहा जण निघालो. फिटर आता निवृत्त आहेत. मी अजून साठीच्या आत आहे, पण दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत स्टेंट बसला आहे. डॉक्टरांना विचारून, दिवस हिवाळ्याचा धरून निघालो होतो. तरी दुसऱ्या चढाला माझा श्वास पुरेना. चालता चालता बोलता येईल एवढ्याच वेगानं चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सगळा चढ गप्प होतो, म्हणजे वेग जास्त होता. पण तरुण पोरींसमोर सांगणार कसं?

सपाटीवर पोचलो. भाचा गुणी पोरगा आहे, मोठ्यांची अदब राखणारा. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाला, “मामू, तुम्ही बसा इथं सावलीत. आम्ही तासाभरात जाऊन आलोच.”

शब्द तेच. ‘तासाभरात’ तोच. आणि माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, “हो हो, जा तुम्ही.” मला बसायचं नव्हतं. मला फक्त माझ्यामुळं कोणाचा खोळंबा झालेला नको होता. चार जणांनी माझ्या धापेकडं बघत उभं राहावं, यापेक्षा ते निघून गेलेले बरे, असं त्या क्षणी खरंच वाटलं. सरांनाही हेच वाटलं असणार. आम्ही त्यांना परवानगी मागितली नव्हती, त्यांची लाज आम्हाला सोयीची पडली होती.

मी तोंड उघडायच्या आत फिटर खाली बसले. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधायला घेतली. मान वर न करता म्हणाले, “कोणी कुठं जाणार नाही.”

भाचा गोंधळला. लेकीला एवढंच माहीत होतं, की एकदा सर आजारी पडले होते. मग मी त्यांना सगळं सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं तसंच, नऊ पानांसकट. एक मैत्रीण जरा नाराज होती. तिला माथ्यावरचा फोटो हवा होता, आणि ते चूक नव्हतं. आम्ही पाऊण तास बसलो. डबे तिथंच उघडले. फिटरनं घरून गूळ-शेंगदाणे आणले होते. मग ते म्हणाले, “आता शायर पुढं. शायर चालतील तसं सगळे चालतील.”

सगळ्यांत पुढं चालायची मला सवय नाही. पन्नास पावलं, थांबा. पन्नास पावलं, थांबा. मागं कोणी पुढं सरत नव्हतं. बोलता येत होतं. त्या नाराज पोरीनं विचारलं, हे पांढरे खडे कसले, तर तिला सांगता आलं, की लाव्हा थिजताना त्यात वाफेची पोकळी राहते, पुढं तिच्यात हे स्फटिक भरतात. तिनं दोन खडे उचलले. तिसऱ्या चढाच्या पायथ्याशी दुपारचे दोन झाले, आणि फिटरनी घड्याळ दाखवलं. देवळावरचा झेंडा दिसत होता, हात लांब केला तर लागेल असा. आम्ही तिथून परतलो.

सरांचा धोंडा कोणता, असं उतरताना भाच्यानं विचारलं. मी दोन-तीन धोंडे दाखवले. पळस तिथं आता बरेच झाले आहेत.

वडेपुरीच्या थांब्यावर फिटरनी माणसं मोजली. सहा. एसटी आली, सगळे चढले, आणि त्यांनी दारात उभं राहून पुन्हा एकदा मोजली. कंडक्टर म्हणाला, “बाबा, बसा की आता.” ते म्हणाले, “बसतो,” आणि मोजणं पुरं करूनच बसले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)